बोललेला कोंबडा

"हा द्यायचा नाही," असं म्हणत रुखमाबाईनं तांबड्या कोंबड्यावर डालगं पालथं घातलं आणि वर हात ठेवून बसली.

समोर ग्रामसेविका बाई उभ्या होत्या. त्यांच्या पायाशी दुसरं टोपलं होतं आणि त्यात एक पांढराशुभ्र कोंबडा मान वाकडी करून वस्तीकडे बघत होता. ब्लॉकाच्या कचेरीतून तो एसटीच्या टपावर बसून आर्णीला आला होता आणि तिथून बैलगाडीनं बोरखेडीला. एवढा पांढरा कोंबडा वस्तीत कोणी बघितला नव्हता. शेणाचे हात तसेच घेऊन बाया आल्या होत्या, पोरं गुडघ्यांवर बसली होती.

म्हातारा उकंडा काठी टेकत जवळ आला आणि टोपल्यात डोकावला.

"यानंबी दीक्षा घेतली का व बाई? कपडे तं तसेच दिसून राह्यले."

सगळी वस्ती हसली. तीन वर्षांपूर्वी हीच माणसं पांढरं नेसून नागपूरला गेली होती, ती गोष्ट अजून इतकी ताजी होती की कुठल्याही पांढऱ्या वस्तूवरून तिची आठवण निघायची.

बाई साताऱ्याकडच्या. त्यांनी पुन्हा एकदा समजावून सांगितलं. या कोंबड्याची जात सुधारलेली आहे. आपल्या गावठी कोंबड्यांना याच्यापासून ज्या तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या होतील, त्या दुपटीनं अंडी देतील, अंडीही मोठी देतील. पोरांना खायला मिळेल, बालवाडीत देता येईल. मात्र वस्तीत दुसरा नर मोकळा फिरता कामा नये. बाकी घरांनी आपापले कोंबडे आधीच बाजाराला लावले होते. राहिला होता एकटा रुखमाबाईचा तांबडा, आणि वस्तीचा खरा राजा तोच होता. पांढऱ्याला त्यानं एका सकाळीत फाडलं असतं.

"अहो पण का द्यायचा नाही?"

"हा बोललेला हाये," रुखमाबाई हळूच म्हणाली.

बाईंना वाटलं, सौदा ठरला असेल. "कोणाशी बोलणं झालंय? गिऱ्हाईक ठरलंय का?"

रुखमाबाईनं दारात उभ्या असलेल्या लेकाकडे, बळीरामकडे, चोरून पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, "तसंच समजा."

"मग लवकर देऊन टाका. पांढरा तोवर तुमच्याकडेच डालग्याखाली झाकून ठेवा. मी बुधवारी येते. तेव्हाही तांबडा इथंच असला तर पांढरा मला दुसऱ्या गावाला द्यावा लागेल."

जाण्याआधी बाई आत गेल्या. चुलीपाशी बळीरामची बायको कौसल्या बसली होती. तिला पाचवा महिना चालू होता. बाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. अंगात रक्त नाही म्हणाल्या. पालेभाजी, डाळ, आणि रोज एक अंडं, चुकवायचं नाही. रुखमाबाईनं मान डोलावली. पण मनात म्हणाली, या बाईला काय ठाऊक. दोन जिवांच्या बाईला अंडं म्हणजे आग. अंडी ही पाहुण्यांसाठी, नाहीतर बाजारासाठी. घरच्या बाईनं अंडं खाल्लं असं त्या काळी कोणी ऐकलंही नव्हतं.

कौसल्या रुखमाबाईच्या सख्ख्या भावाची लेक. आत्याच्या घरात सून म्हणून आली तेव्हा दिवस उन्हाळ्याचे होते, छप्पन साल होतं, आणि शिवेवरच्या नाल्याकाठी मरीआईचा दगड शेंदरानं लाल होता. तिथं पदर पसरून रुखमाबाई नवस बोलली होती, माय, माझ्या पोरीचं लेकरू जगू दे, तुला कोंबडा देईन. घरी येऊन तिनं एका तांबड्या पिलाच्या पायाचं एक नख मुळापासून कापलं. हा देवीचा, याला कोणी विकायचं नाही, खायचं नाही, अशी ती खूण.

मग दसरा आला. वस्ती नागपूरला जाऊन आली. आल्यावर घरोघरचे देव गाठोड्यात बांधले आणि अरुणावतीच्या डोहात सोडले. रुखमाबाईनंही सोडले, रडत नाही, ताठ मानेनं सोडले. ज्या देवांनी आयुष्यभर उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्यांचं ओझं कशाला वाहायचं, हे तिला पटलं होतं. पण देव गेले आणि कोंबडा राहिला. त्याच्या पायाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. तो मोठा झाला, तुरा फुटला, आरवायला लागला.

कौसल्येचं पहिलं लेकरू बारशाआधीच गेलं. दुसरं रडलंच नाही. दोन्ही वेळा रुखमाबाईनं ते इवलंसं गाठोडं बळीरामच्या हातात दिलं आणि दोन्ही वेळा अंगणात तो तांबडा उकिरडा उकरत होता. ती कोणाला काही बोलली नाही. बोलणार काय? मरीआईचं नाव तोंडातून काढलं असतं, तर पोरगाच म्हणाला असता, तू दीक्षा घेतली का नुसती पांढरी साडी नेसली?

बाई गेल्यावर बळीरामनं विचारलंच. गिऱ्हाईक कोण, आर्णीचं का? रुखमाबाई सूप घेऊन ज्वारी पाखडायला लागली. उत्तर दिलं ते उकंड्यानं, ओट्यावरून.

"त्याच्या पायाचं नख पाह्य बळीराम. तुह्या मायचं गिऱ्हाईक नाल्यावर बसून हाये."

बळीराम डालग्यापाशी गेला, कोंबडा उचलला, पाय पाहिला. तसा तो रागीट माणूस नव्हता. दिवसभर जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहायचा आणि संध्याकाळी वस्तीतल्या पोरांना पाटीवर अक्षरं गिरवायला लावायचा.

"माय, अख्खे देव डोहात सोडले, अन् हा काहून ठेवला? मीच कापतो उद्या. कौसल्येलेच रस्सा कर. तिच्या अंगी तरी लागन."

"त्याले सुरी लावशीन तं..." रुखमाबाईची नजर कौसल्येच्या पोटाकडे गेली. बळीरामलाही ती दोन गाठोडी आठवली असावीत. त्यानं कोंबडा डालग्याखाली ठेवला आणि बाहेर निघून गेला.

तेव्हा कौसल्या बोलली. ती एरवी फार बोलत नसे.

"आत्या, कोंबड्याचं तुमी पाहा. मले अंडं देत जा. गरम पडलं तं पडलं. दोन डाव थंड खाऊनच पाह्यलं."

रुखमाबाईच्या हातातलं सूप थांबलं. त्या संध्याकाळी तिनं चुलीच्या निखाऱ्यात एक अंडं पुरलं आणि सोलून पोरीच्या ताटात ठेवलं. एकीकडे अंड्याची भीती, दुसरीकडे मरीआईच्या कोपाची. अंडं तर दिलं. आता दुसरं देणंही देऊन टाकू, मग जे व्हायचं ते होवो, असं तिनं ठरवलं.

बुधवारच्या आधीच्या सकाळी, फटफटताना, तिनं तांबड्याला पदराखाली घेतलं, कमरेला विळा खोचला आणि नाल्याची वाट धरली. वाटेत कोणी भेटलं असतं तर गवताला चालली म्हणून सांगितलं असतं.

दगड होता तिथंच होता. पण ओळखू येईना. वस्तीनं येणं सोडल्यापासून त्याला शेंदूर लागला नव्हता. तीन पावसाळ्यांनी उरलासुरला धुऊन नेला होता. नुसता काळा धोंडा, लिंबाच्या मुळाला टेकलेला. रुखमाबाई खाली बसली, विळा काढला, आणि तेवढ्यात दगडामागून कोणीतरी तिच्या हातावर टोच मारली.

तिची कबरी होती ती! मुंगसानं नेली असं समजून जिच्या नावानं हळहळून झालं होतं, ती कबरी कोंबडी दगडाच्या आडोशाला, वाळलेल्या पाल्यात खुडूक बसली होती, पिसं फुलवून, डोळे वटारून. पोटाखाली काहीतरी चिवचिवलं. पंखाखालून एक ओलं डोकं बाहेर आलं आणि परत आत गेलं. फुटकी टरफलं दगडाला लागून पडली होती.

रुखमाबाई कितीतरी वेळ पाहत राहिली. कोंबडीला तिथं मरीआई दिसली नव्हती. वारा लागत नाही, पाणी शिरत नाही, अशी जागा दिसली होती. जिच्या भीतीनं रुखमाबाई तीन वर्षं नीट झोपली नव्हती, तिच्या पाठीशी एक कोंबडी निवांत अंडी उबवून बसली होती आणि तिचं काही वाकडं झालं नव्हतं. पिलं जगली होती.

तिनं विळा परत कमरेला खोचला. उठताना मात्र जुन्या सवयीनं दगडाला म्हणाली, "देईन बोलली होती, माय. मारीन नव्हती बोलली. देतो मी."

नाल्यापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा होता. काठावर तांड्यातली मानीबाई घागर विसळत होती. दोघींची ओळख जुनी, कापूस वेचायला एकाच ओळीत असायच्या. मानीबाईचा कोंबडा पावसाळ्यात रानमांजरानं नेला होता, हे रुखमाबाईला ठाऊक होतं.

"घेतं का याले? अर्धलीनं देतो."

अर्धलीनं म्हणजे जनावर पाळणाऱ्यानं पाळायचं आणि पिलं निम्मी निम्मी वाटून घ्यायची. मानीबाईच्या हातातली घागर निसटता निसटता राहिली. "कोंबडी देतेत अर्धलीनं, बकरी देतेत. कोंबडा कोनी देते का व, रुखमाबाई? तो काय अंडे देईन?" मग तिनं कोंबड्याचा पाय पाहिला आणि तिचं हसू ओसरलं. "याडी, माय व! हा तं देवाचा हाये."

"होता."

"मंग आमच्या देवाले चालन."

"नाही. त्याले सुरी लावायची नाही. एवढी एकच गोष्ट माही."

"म्हातारा होऊन मरन तं?"

"मरू दे. आपन नाही मरत का?"

मानीबाईनं थोडा विचार केला, आणि पदरात कोंबडा घेतला.

रुखमाबाई कबरीला काखेत आणि पिलं पदरात घेऊन घरी आली. बळीरामनं विचारलं, तांबडा कोणाला दिला? नाल्यापलीकडे, अर्धलीनं, असं तिनं सांगितलं आणि तो हसत सुटला. तिनं पांढऱ्यावरचं डालगं उचललं.

ते लेकरू माघात झालं. रडलं, चांगलं सणसणून रडलं. उकंडा ओट्यावरून म्हणाला, माझ्यासारखं याला उकिरड्यावर ठेवा, उकंडा नाव द्या, मग जगेल. माझ्या मायनं तेच केलं होतं. बळीरामनं धर्मपाल नाव ठेवलं. रुखमाबाईनं कोणत्याच नावाचा हट्ट धरला नाही. ती सुनेच्या ताटात अंडं ठेवत राहिली.

पुढच्या वर्षी पांढऱ्याच्या तलंगा अंड्यावर आल्या. बालवाडीच्या पोरांना आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडं मिळू लागलं. गावातल्या बायाही उबवायला अंडी मागायला वस्तीत आल्या. आधी कडेला उभ्या राहून मागायच्या, मग अंगणात आल्या, मग ओट्यावर टेकल्या. वस्तीचं पाणी त्यांना अजून चालत नव्हतं, अंडं चालत होतं. कोणी त्यावरून टोमणा मारला की रुखमाबाई म्हणायची, "टरफल काढूनच खातेत ना. हळूहळू त्यायचंबी निघन."

आणि रोज पहाटे पांढरा आरवायचा. त्याचा आवाज बारीक, साहेबी. मग नाल्यापलीकडून उत्तर यायचं, भरडं, ओळखीचं. रुखमाबाई ते उत्तर आल्याशिवाय चूल पेटवत नसे. धर्मपालला मांडीवर घेऊन बसायची. तो बोट करायचा, पलीकडे.

धर्मपाल दारातून बाहेर पळू लागला त्या वर्षी, एका पहाटे पांढरा आरवला आणि पलीकडून काही आलं नाही. तो पुन्हा आरवला. रुखमाबाई उंबऱ्यात उभी राहिली. चांगलं उजाडेपर्यंत उभी राहिली. कौसल्येनं मागून येऊन चूल पेटवली.

दुपारी मानीबाई नाला ओलांडून आली, डोक्यावर टोपलं. ओट्यावर बसली, पाणी मागितलं, आणि रुखमाबाईच्या हातचं घटाघटा प्याली.

"रात्री झोपेतच गेला. सकाळी बसायच्या बांबूवरून खाली पडून होता. कोनी हात नाही लावला. लिंबाखाली पुरला." मग टोपल्यावरचं फडकं काढलं. "हा त्याचा. तुही अर्धली राह्यली होती, आता घे."

आत एक कोवळा कोंबडा होता, बापासारखाच तांबडा, तुरा नुकताच फुटलेला. रुखमाबाईनं त्याला उचलून मांडीवर घेतलं, उलटं केलं आणि त्याचे दोन्ही पाय एक एक करून बोटांनी चाचपले.

सगळी नखं जागच्या जागी होती.