बाजेवरची जागा

गोविंदाने नाकावर आलेली बेबीची टाच धरून बाजूला केली आणि डोळे न उघडताच तो बाजेच्या कडेला सरकला. पोर चार वर्षांची, पण झोपली की घड्याळाच्या काट्यासारखी फिरायची. डोकं आईच्या पोटात, पाय बापाच्या तोंडावर. आठवड्यातून एकदा तरी तो धपकन खाली पडायचा आणि मथुरा तोंडात पदर कोंबून हसायची. दारव्ह्याच्या सरकी काढायच्या जिनात दिवसभर कापसाच्या गाठी वाहणारा हा हमाल घरी मात्र वीतभर जागेसाठी भांडायचा.

मग तो दचकून उठला. टाच चटका बसावा तशी तापली होती.

मथुराने चिमणी लावली. दोन दिवसांचा ताप होताच. आता कपाळावर, तळहातांवर बारीक पुटकुळ्या उठल्या होत्या. गल्लीत आधीच दोन दारांवर कडुलिंबाचे डहाळे लागले होते.

"तू खाली झोप," गोविंदा म्हणाला. "मले लहानपणीच देवी निघालत्या. मले काही होत नाही. तुले होईन."

मथुराने त्याच्या गालावरचे जुने वण पाहिले.

"देवी टोचणारा आलता तवा म्याच तिले पऱ्हाटीच्या वावरात लपवलं," ती हळूच म्हणाली. "मीबी लपली."

तिची वाकळ त्याने दाराजवळ अंथरून दिली.

त्याने कामावर जाणं सोडलं. पाणी पाजणं, कूस बदलणं, सगळं तोच करी. बेबी आता ठेवली तशी पडून राही. अर्धी बाज मोकळी असायची, तरी तो कडेलाच अंग चोरून पडे.

"पाय मारते काय वो?" दाराजवळून मथुरा विचारी.

"नाही."

सहाव्या दिवशी पहाटे तो विहिरीवर निघाला आणि दोर विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परतला. मथुरा बाजेवर होती. बेबीचं फोडांनी भरलेलं तोंड तिने गळ्याशी घट्ट धरलं होतं.

"ऊठ!" तो ओरडला.

"आता उठून काय होते?" मथुरा हलली नाही. "तुमी पाण्याले गेले का रोजच येतो मी. पयल्या दिसापासून."

गोविंदाने हातातली घागर खाली ठेवली. तिच्या कपाळाकडे त्याने हात नेला, आणि न टेकवताच मागे घेतला.