लाटसाहेबाचं पाणी

बाबांचा मासा आजारी पडला. नारिंगी, वीतभर लांब. खाणं उशिरा मिळालं की पाठ फिरवायचा म्हणून नाव लाटसाहेब. अंगावर पांढरे ठिपके उठले होते आणि तो तळाशी पडून होता. आई गेल्यापासून बाबा सकाळचा चहा त्याच्यासमोर घ्यायचे. आज कपावर साय धरली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

दादाने परदेशी औषध आणलं. "दर दहा गॅलनला एक चमचा. टाकी वीस गॅलनची. दोन चमचे, झालं!" स्वयंपाकघरातला चमचा त्याच्या हातात होताच.

"अहो, तो चमचा आहे की फावडं?" वहिनी म्हणाली. "औषधाचा चमचा पाच मिलिलिटरचा. यात आठ सहज मावतात. आणि गॅलन कुठला? एक पावणेचार लिटरचा, दुसरा साडेचारचा."

"माशाला औषध द्यायचंय, अवकाशयान सोडायचं नाहीये."

"कमी पडलं तर ठिपके जाणार नाहीत. जास्त झालं तर मासाच जाईल."

बाबांनी मान वर केली. दादाने चमचा खाली ठेवला.

वहिनी रंगाच्या दुकानात रंग मिसळते. तिने आपलं मोजपात्र आणलं. बाटलीवर फक्त 'सोळा औंस' असं छापलं होतं. औंसही दोन प्रकारचे. अमेरिकी सोळा म्हणजे ४७३ मिलिलिटर, ब्रिटिश सोळा म्हणजे ४५५. सीलबंद बाटली फोडून तिने सगळं औषध मोजपात्रात ओतलं आणि डोळा रेषेच्या पातळीला आणला.

"चारशे त्र्याहत्तर. म्हणजे बाटली अमेरिकी, आणि गॅलनही तिकडचा, लहान, पावणेचारचा."

मला शाळेपासून ही कोष्टकं पाठ आहेत. बाटलीलाच तिचा देश विचारावा, हे मात्र मला सुचलं नसतं.

मग तिने दादाला टाकीतले दगड काढायला लावले. पाणी बरंच खाली गेलं. उरलेलं पाणी तिने पट्टीने मोजलं. पंचाहत्तर सेंटिमीटर लांब, बत्तीस रुंद, पंचवीस उंच: साठ लिटर.

"जेमतेम सोळा गॅलन," ती म्हणाली. "आठ मिलिलिटर पुरे."

"आणि माझे दोन चमचे?"

"सोळा मिलिलिटर. बरोबर दुप्पट."

दादाने चमचा स्वयंपाकघरात परत नेला. बाबांनी तिचा हात धरला आणि लगेच सोडला, औषध सांडेल म्हणून.

काही दिवसांनी ठिपके गळाले. लाटसाहेब वर आला, खाणं टिपलं आणि आणखी हवं म्हणून काचेला धडका देऊ लागला.

बाबांनी गरम चहाचा घोट घेतला. मग म्हणाले, "सूनबाई, माझं खोकल्याचं औषधही आजपासून तूच मोजत जा."