ठिपका वर

माझ्या पाठीवर, एका टोकाजवळ, लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. तिळाएवढा. त्याच्या बरोब्बर विरुद्ध बाजूला, म्हणजे माझ्या पोटाला, झिजून एक चपटा पट्टा पडला आहे. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण मला काचेवर ठेवून हलकेच ढकलले, तर मी सरळ घरंगळत जाते आणि त्या पट्ट्यावर येऊन थांबते. दर वेळी तिथेच.

मित्रांनो, मी स्टील गिटारची एक जुनी कांडी आहे. बोटाएवढी लांब, अंगठ्याएवढी जाड, भरीव पोलादाची. ही गिटार छातीशी धरत नाहीत. मांडीवर आडवी ठेवतात. उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली कांडी तारांवरून सरकवायची. तारा दाबायच्या नाहीत, नुसते टेकायचे. त्यामुळे एका सुरातून दुसऱ्या सुरात जाताना मध्ये पायरी लागत नाही, उतार लागतो. म्हणून लोक म्हणतात, हे वाद्य माणसासारखे रडते. माझा अनुभव वेगळा आहे. वाद्य रडत नाही. मी सरकते आणि लोक रडतात.

ज्या कारागिराने मला लेथवर कातले, त्याने वर चकचकीत मुलामा चढवला आणि मला स्वतःच्या गालावरून फिरवून पाहिले. "लोण्यासारखी झालीय," तो म्हणाला. माझी स्वतःची म्हणून झालेली ती एकमेव स्तुती. पुढची सगळी स्तुती एका धुनेची झाली.

मला घेणाऱ्या तरुणाला पुढे सगळे मास्तर म्हणू लागले. तेव्हा तो कुणाचाच मास्तर नव्हता. दुसऱ्यांच्या गाण्यांमागे वाजवायचा. एका दुपारी गाणारी बाई आलीच नाही. स्टुडिओ तर घेतलेला होता. रेकॉर्डिस्ट वैतागून म्हणाला, "आता काय माश्या मारत बसायचं? वाजव ना काहीतरी तुझं."

त्याने वाजवले. तिसऱ्या ओळीत, सर्वांत उंच सुरावर, त्याचा हात गिटारवरच्या त्या सुराच्या खुणेपेक्षा केसभर पुढे गेला आणि परत आला.

"चुकलं. पुन्हा घेऊ या," तो म्हणाला.

रेकॉर्डिस्टने कानांवरचे हेडफोन काढले. त्याचे डोळे ओले होते. "पुन्हा? याला हात लावलास तर याद राख."

चूक तशीच राहिली. धून जगाला आवडली ती त्या चुकीसकट, किंबहुना त्या चुकीमुळेच. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. त्या धुनेला शब्द नाहीत, म्हणून ज्याचे त्याचे दुःख तिच्यात मावते. आणि त्या एका जागी ऐकणाऱ्याला वाटते, गेला, सूर हातचा गेला. तेवढ्यात तो परत येतो. हातचे गेलेले परत येताना माणसाला किती वेळा ऐकू येते? म्हणून ती अजून वाजते. लिफ्टमध्ये वाजते, दातांच्या दवाखान्यात वाजते, दुकान बंद होण्याआधी वाजते. ती कुणी वाजवली, हे मात्र दवाखान्यात कुणी विचारत नाही.

एकदा मास्तरांनी विजेच्या तक्रारीसाठी फोन लावला, तर पलीकडे थांबवून ठेवताना तीच धून. ते हरखून उभेच राहिले. तिसरी ओळ सुरू होणार, तोच कुणीतरी म्हणाले, "बोला, काय तक्रार आहे?" मास्तरांनी फोन ठेवला आणि पुन्हा लावला.

"झालं का काम?" आतून बायकोने विचारले.

"कसलं होतंय! उचलतात मेले लगेच."

त्या रात्री घरात दिवे नव्हते.

ठिपका या बायकोनेच लावला. मास्तरांनी माझ्यासारखीच दुसरी कांडी आणली होती आणि दोघींची सारखी अदलाबदल व्हायची, म्हणून तिने आपल्या नेलपॉलिशचा थेंब माझ्या टोकाजवळ टेकवला. "घ्या, आता तरी शोधत बसू नका."

तिथून माझे दिवस फिरले. समजूतदार वादक कांडी रोज थोडी फिरवून धरतो, म्हणजे झीज सगळ्या अंगावर वाटली जाते. मास्तरांनी मात्र ठरवून टाकले की त्या दुपारचा सूर याच बाजूत आहे. ठिपका वर. कार्यक्रम असो की घरचा रियाज, ठिपका वर. खरे तर त्या दुपारी ठिपका नव्हताच. तेव्हा माझी कोणती बाजू तारांवर होती, हे मलाही सांगता येणार नाही.

"अहो, मी खूण केली होती," बायको म्हणायची, "देव नव्हता केला."

मास्तर ऐकत नसत. एकच धून, एकच बाजू. मुलामा गेला, मग पोलाद झिजले. उंच सुरावर मी खरखरू लागले. फार नाही, कागदावर नख ओढल्याइतके. पण वय झाले की कानांतून सर्वांत आधी असे बारीक, तीक्ष्ण आवाजच जातात. मास्तरांना ते ऐकू येईना.

पुढे त्यांचा हात कापू लागला आणि मी त्यांच्या मुलीच्या हातात आले.

मुलीचा हात फार चांगला होता. हे मी कौतुकाने नाही, तुलना करून सांगते. मला दोनच हात नीट माहीत आहेत. तिच्या स्वतःच्या धुनाही होत्या. घरी कुणी नसले की ती मला बोटांत फिरवायची, ठिपका खाली करायची आणि त्यांतली एक वाजवायची. तेव्हा मी माझ्या न वापरलेल्या अंगाने वाजायचे. आपल्याला अजून एक बाजू आहे, हे मला तेव्हा कळले.

पण कार्यक्रमात लोकांना मास्तरांची मुलगी हवी असायची. आधी बाबांची धून, शेवटी पुन्हा बाबांची धून, आणि वेळ उरला तर तिचे काही. वेळ उरत नसे. एकदाच तिने स्वतःचे सुरू केले, तर मागून आवाज आला, "ताई, ते होऊ दे सावकाश, आधी ती वाजवा!" सभागृह हसले. पहिल्या रांगेत मास्तरही हसले. तिच्या तळव्याला घाम फुटला. तो मला लागला, म्हणून मला माहीत आहे.

घरी तिने सांगून पाहिले नाही असे नाही.

"बाबा, ही कांडी खरखरते."

"काय?"

"खरखरते म्हटलं. आवाज खराब येतो."

"छट्! लोक डोळे पुसतात आणि तुला खरखर ऐकू येते? ठिपका वर धर, नीट येईल."

"बाबा, मला ना... ती धून आता..."

"हं? काय म्हणालीस?"

"काही नाही."

हे 'काही नाही' मी इतक्यांदा ऐकले आहे की मला त्याचा सूर पाठ आहे. ती हळू आवाजाची, ते कानाने अधू. दोघांच्या मध्ये ते वाक्य वर्षानुवर्षे अर्धेच राहिले.

मग त्या धुनेच्या सन्मानाचा कार्यक्रम ठरला. मोठे सभागृह, मोठे फलक. त्यावर धुनेचे नाव ठळक, मास्तरांचे त्याहून लहान, मुलीचे नव्हते. तिने बापाकडे एकच मागितले: या वेळी शेवटी माझी एक धून वाजवू द्या. मास्तर खुशीत होते. "वाजव की! तुला कोण नाही म्हणतंय?" ती आठवडाभर ठिपका खाली करून रियाज करत होती. तिची आई दारात उभी राहून ऐकायची आणि तिच्यासमोर पाणी ठेवून जायची.

मित्रांनो, पुढचे सांगण्याआधी तुमच्याकडे एक मागणे आहे. एखादी वस्तू जपायची असेल, तर तिला पुजू नका. तिला फिरवत राहा, तिच्या सगळ्या बाजूंना काम द्या. एकाच जागी जीव लावला की तिथेच खड्डा पडतो. मला जपले नाही असे कुणी म्हणू शकणार नाही. मखमली पिशवी होती, रोज मऊ फडके होते. त्या जपण्यानेच मी निकामी झाले. आणि मी तर पोलाद आहे. मुलगी माणूस होती.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी आवाजाची तपासणी होती, सभागृह अजून रिकामे होते. मास्तर नवे जाकीट घालून सकाळपासूनच तयार. पडद्याआड त्यांनी मला फडक्याने पुसले आणि ठिपका वर करून मुलीच्या हातात ठेवले.

"आणि हे बघ, तुझं ते आज राहू दे. मीच सांगितलं आयोजकांना. लोकांचा मूड जातो गं."

मास्तर खाली जाऊन पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर बसले.

ती रंगमंचावर आली. गिटार मांडीवर घेतली. मला मात्र तिने तारांवर टेकवले नाही. शेजारच्या छोट्या टेबलावर ठेवले. मी थोडी घरंगळले आणि माझ्या नेहमीच्या जागी थांबले. ठिपका वर.

"ताई," मागून आवाजाच्या यंत्राजवळचा माणूस ओरडला, "वाजवायच्या आधी माईकवर बोला काहीतरी. लेव्हल घेतो."

"काय बोलू?"

"काहीही बोला. सगळे हॅलो हॅलो करतात. फक्त मोठ्यानं बोला, मागपर्यंत आलं पाहिजे."

मास्तरांनी खालून अंगठा वर करून खूण केली. कांडी उचल, ठिपका वर. तिने ती खूण पाहिली. मग माईक तोंडाजवळ ओढला.

"बाबा," ती म्हणाली. चारही भिंतींवरून तो शब्द परत आला. मास्तरांचा हात सवयीने कानामागे गेला आणि तिथेच थांबला. या वेळी त्यांनी "काय?" म्हटले नाही.

"बाबा, तुमची धून मी आज वाजवणार नाही. यापुढेही कधीच वाजवणार नाही."