हलणारी फरशी

स्वयंपाकघराच्या दाराऐवजी मिस्त्रींची बायको शेजारच्या भिंतीवर आदळली. हातातली बशी पडून फुटली. जिन्याच्या पायरीवर गुडघे चोळत बसलेले मिस्त्री दचकून उठायला गेले आणि गुडघ्यांनी त्यांना परत खाली बसवलं.

"अगं, लक्ष कुठंय तुझं? चार दिवस लेकीकडे काय राहिलीस, स्वतःचं घर विसरलीस?"



खरं तर मिस्त्रींना कौतुक ऐकायचं होतं. जन्मभर त्यांनी लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या, गोटी ठेवली तर जागची हलणार नाही अशा. स्वतःच्या घरातली कामं मात्र 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणत तशीच राहिली. आता घरच द्यायची वेळ आली होती. नवी घरं बांधणारी एक कंपनी जुनं घर ताब्यात घेऊन, त्याची किंमत वळती करून नवं देत होती. वरचे पैसे लेक-जावई घालणार होते. नव्या घराला जिना नव्हता. इथे झोपायची खोली आणि न्हाणीघर दोन्ही वर, आणि उकिडवं बसून बसून मिस्त्रींच्या गुडघ्यांची पार वाट लागलेली. लेकीनं हे जमवून आणलं तेव्हा दोघांनी मुकाट्यानं मान डोलावली होती.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस घर बघायला येणार होता. म्हणून बायकोची पाठ वळताच मिस्त्रींनी कंबर कसली. मधल्या खोलीतली हलणारी फरशी पक्की केली. बोळातल्या भिंतीचे पोपडे खरवडून गिलावा केला. दारांची कुरकुर तेल घालून बंद केली. घर कसं चकाचक झालं, आणि बाईसाहेब आल्या आल्या बशी फोडून मोकळ्या.

तुकडे वेचायला ती खाली बसली. तिची बोटं तुकडा होता तिथे जात नव्हती, त्याच्या शेजारी चाचपडत होती. मिस्त्री बघत राहिले.

"ती फरशी कुठे गेली?" तिनं विचारलं.

"कुठली?"

"हलायची ती. तिच्यावर पाय पडला की दोन पावलं जाऊन उजवीकडे वळायचं."

ती आपण पक्की केली, असं मिस्त्री मोठ्या दिमाखात सांगायला लागले, पण आवाज मध्येच खाली आला.

"मला दिसत नाही हो," ती म्हणाली. "वर्ष होत आलं. कडेकडेचं दिसतं, मधोमध नुसता धूर. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत यायचं नाही."

 वर्षभर मिस्त्री तिच्यावर चिडत होते. समोर बसून काही बोलावं तर ही मान वळवून खिडकीकडे बघायची. तुला माझं तोंड बघायचाही कंटाळा आलाय, असं एकदा त्यांनी सुनावलं होतं. तेव्हा ती नुसती हसली होती.

"तुमचं तोंड दिसावं म्हणूनच मान वळवत होते," ती म्हणाली.

 तिच्याशेजारी बसून तुकडे वेचावेत तर मिस्त्रींना खाली बसवत नव्हतं. मग पायरीवरूनच, डावीकडे, अजून जरा पुढे, असं सांगत त्यांनी सगळे तुकडे तिच्याकडून वेचून घेतले. ते झाल्यावर म्हणाले की आपण कुठे जायचं नाही, उद्या त्या माणसाला वाटेला लावतो आणि सगळं होतं तसं करून देतो.

"आणि जिना?" ती म्हणाली. "तुम्ही हात टेकत टेकत वर चढता, ते ऐकू येतं मला. म्हणून तर बोलले नाही. कळलं असतं तर तुम्ही इथून हलला नसता."

कंपनीचा माणूस आला आणि खूश झाला. इतकं निगुतीनं ठेवलेलं घर फार दिवसांनी बघितलं, म्हणाला. ते कौतुक मिस्त्रींना ऐकवेना. निर्णय पक्का ना, असं त्यानं विचारलं तेव्हा ते पक्क्या केलेल्या फरशीकडे बघत राहिले. आतून तीच म्हणाली, "पक्का आहे."

नवं घर या टोकापासून त्या टोकापर्यंत गुळगुळीत होतं. पायाला काही म्हणजे काही लागत नव्हतं. जिच्या शब्दावर सगळं घर चालायचं ती पाहुणीसारखी खुर्चीत बसून राहू लागली. पाणी हवं असलं तरी मिस्त्री येईपर्यंत थांबायची. मिस्त्रींना ते बघवेना. एका सकाळी त्यांनी हत्यारांची पिशवी काढली.

नळ नीट चालतात का विचारायला आलेला कंपनीचा देखरेखीचा माणूस दारातच थबकला. "काका, चांगली फरशी कशाला उखडताय? मग आमची हमी राहणार नाही."

"नाही राहिली तर नाही," मिस्त्री म्हणाले. "आयुष्यभर हलत्या फरश्या पक्क्या केल्या. ही एक हलती करू द्या."

पण मुद्दाम बिघडवायची त्यांच्या हाताला सवय नव्हती. पहिल्यांदा फरशी फारच डगमगली, दुसऱ्यांदा मुळीच हलेना. दुपार झाली तेव्हा कुठे जमलं. त्यांनी तिला हाक मारली.

ती भिंतीचा आधार सोडून अनवाणी आली. पायाखाली बारीक 'टक' झालं. ती थांबली. दोन पावलं पुढे गेली, उजवीकडे वळली आणि तिचा हात स्वयंपाकघराच्या चौकटीवर पडला. 

"जरा जास्तच हलते," ती म्हणाली.

"परत करू?"

"नको. असू दे."

मिस्त्रींना आता उठता येत नव्हतं. फरशीवर हात टेकून उठायची त्यांची धडपड तिला ऐकू आली. ती माघारी आली आणि तिनं हात पुढे केला. तो थोडा बाजूला, रिकाम्या जागेत गेला. मिस्त्री गुडघ्यांवरच तिकडे सरकले आणि त्यांनी तो धरला.