लोलक विनीकडे होता

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. देवळातली नव्हे, गाईच्या गळ्यातली. विस्कॉन्सिनमधल्या एका लोहाराने लोखंडी पत्रा दुमडून, ठोकून आणि वरून पितळेचा हात देऊन मला घडवलं. बेर्ता नावाच्या तांबूस गाईच्या गळ्यात मी अकरा वर्षं वाजले. धुक्यात गाय दिसायची नाही, पण माझ्या आवाजावरून नेमकी सापडायची. बेर्ता गेली आणि तिची मालकीण थेल्मा ऑस्टगार्ड हिने मला राजकारणात आणलं.

थेल्मा आणि तिची शेजारीण विनी क्वाम दर चार वर्षांनी पक्षाच्या अधिवेशनाला जात. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार तिथे ठरतो. पहिल्याच वेळी दोघींनी दोन वेगळे उमेदवार धरले आणि बसमध्ये भांडण जुंपलं. शेवटी विनीनेच तोड काढली. ज्या बाजूची सरशी होईल तिने घंटा ठेवायची, हरलेल्या बाजूने तिच्या पोटातला लोलक. अधिवेशनात उमेदवार एकमुखाने ठरला, की हरलेल्या बाजूने लोलक आणून अडकवायचा आणि मगच मी वाजायचं.

"म्हणजे माझ्यावाचून तुझा आनंदसुद्धा मुका राहील," विनी म्हणाली होती.

"तुझं तोंड बंद राहणार असेल तर चालेल मला," थेल्मा म्हणाली होती.

सात अधिवेशनं झाली. लोलक कधी हसत आला, कधी नाक मुरडत, पण आला. एकदा वर्तमानपत्रात माझा फोटोही छापून आला. मधल्या वर्षांत मात्र मी तळघरात बिटाच्या लोणच्याच्या बरण्यांमागे पडून असायची. कोणी माझ्यावरची धूळसुद्धा पुसत नसे.

मग ते वर्ष उजाडलं. आमच्या पक्षातर्फे प्रथमच एक बाई राष्ट्राध्यक्षपदासाठी उभी राहणार, असं दिसू लागलं. जोसेफिन हॅलोरन त्यांचं नाव. थेल्मा तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांची होती. तिची आई जन्मली तेव्हा बायकांना मतसुद्धा देता येत नव्हतं. "मी हे पाहून मग मरेन," असं ती भेटेल त्याला सांगायची.

विनी सिनेटर टिलिंगर यांच्या बाजूची होती. अधिवेशनाआधीच्या राज्याराज्यांतल्या मतदानात ते हरले. चर्चच्या तळघरात कॉफी पिताना विनी म्हणाली, "नुसती बाई आहे म्हणून डोक्यावर घ्यायची का?"

थेल्माने कप खाली आपटला. "चाळीस वर्षं नुसते पुरुष आहेत म्हणून घेत आलीस, तेव्हा कुठे गेली होती तुझी अक्कल?"

हरलेल्या बाजूचा लोलक विनीने पर्समध्ये टाकला आणि ती उठून गेली. बटाट्याच्या सॅलडचं आपलं भांडंसुद्धा तिने मागे ठेवलं. पुढे दोन महिने दोघींचं बोलणं बंद होतं.

अधिवेशनाच्या दिवशी दोघी एकाच बसमधून उतरल्या, पण वेगवेगळ्या दारांनी. सभागृहाबाहेर तपासणीची रांग होती. थेल्मा पुढे, चार माणसं सोडून विनी मागे. माझी परवानगी थेल्माने आधीच काढली होती, म्हणून आम्ही सरळ आत गेलो. गोंगाट सहन होईना, म्हणून तिने कानातलं ऐकण्याचं यंत्र काढून खिशात ठेवलं. मी तिच्या काखेत होते, तोंड मागे करून. म्हणून मला ते सगळं दिसलं.

पहारेकऱ्याने विनीच्या पर्समधून माझा लोलक बाहेर काढला. "हे काय, बाई? लोखंड आत नेता येणार नाही."

"अहो, घंटेची जीभ आहे ती!"

"मग घंटा कुठे आहे?"

"ती काय, पुढे चाललीय! थेल्मा! अगं थेल्मा, मागे बघ!"

थेल्माला ऐकू आलं नाही. ती ताठ मानेने चालत राहिली. माझ्याजवळ असता तर तो लोलक होता. एकटा होता, म्हणून नुसता लोखंडाचा तुकडा ठरला आणि पिंपात गेला. मी सगळं पाहत होते, आणि जिने ओरडावं ती जीभच त्या पिंपात पडली होती.

आत एकेका राज्याचं नाव पुकारलं गेलं, मतं मोजली गेली. शेवटी स्वतः टिलिंगर उठले आणि म्हणाले, "आता आपण सगळे एक होऊ. हॅलोरनबाईंना एकमुखाने निवडू." सभागृह दुमदुमलं. माणसं रडत होती, अनोळखी लोकांना मिठ्या मारत होती. थेल्माने वळून विनीच्या खुर्चीकडे पाहिलं. विनी हाताची घडी घालून बसली होती. आपली हाक हिने मुद्दाम कानाआड केली, असं विनीला वाटत होतं. आणि थेल्माला वाटत होतं, हिने लोलक मुद्दाम आणला नाही.

थेल्माने मला डोक्यावर उचललं आणि हलवलं. पुन्हा हलवलं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि मी मुकी. एवढ्या कल्लोळात ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. फक्त विनीच्या आलं.

ती गर्दीतून वाट काढत निघाली. पण ती पोहोचेपर्यंत छतावरून सोडलेले फुगे खाली आले होते, वाद्यं थांबली होती, झाडूवाले कागद लोटत होते.

"गेटवर काढून घेतला गं," विनी म्हणाली. "घसा फुटेस्तोवर हाका मारल्या तुला."

थेल्माने खिशातलं यंत्र तळहातावर धरून दाखवलं. ओठांवरून तिला सगळं कळलं होतं.

मग विनीने पर्समधून घराची किल्ली काढली आणि माझ्या पोटातल्या आकड्यात अडकवली. मी वाजले. बरणीत चमचा हलवावा तशी.

"वाजतेय का?" थेल्माने विचारलं.

विनीने थेल्माचा तळवा माझ्या थरथरत्या अंगावर दाबून धरला.

ती किल्ली अजून माझ्यातच आहे. आमच्याकडे दारांना कुलपं लावत नाहीत, त्यामुळे विनीचं काही अडलं नाही. पण तो क्षण गेला तो गेलाच. थेल्माने एक्क्याऐंशी वर्षं ज्याची वाट पाहिली, त्याला मी एका किल्लीएवढा उशीर केला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पण नुसत्या पुसून ठेवू नका. त्यांचा दुसरा तुकडा कोणाकडे आहे, हेही लक्षात ठेवा. आणि मागून कोणी हाक मारली, तर एकदा वळून बघा. त्या दिवशीची हाक मी ऐकली होती. पण मला जीभ नव्हती.