वरची ओळ

चिमटीने रजिस्टरच्या पानावर लाकडी पट्टी ठेवली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि एकेक ओळ खाली सरकत वाचायला लागली. टेबलापलीकडे कारकूनबाई जुन्या रजिस्टरांच्या उसवलेल्या कण्यांना कापडी पट्ट्या चिकटवत होत्या.

"सापडले का तुमचे कप्तान?"

"नाही अजून."

"खरं नाव ठाऊक नाही, साल ठाऊक नाही, आणि म्हणे माणूस शोधायचाय. बाई, इथे जन्माच्या नोंदी असतात. हरवलं-सापडलं खाली, जिन्याजवळ."

"तिथेही विचारून आले," चिमटी म्हणाली. "त्यांनी एक छत्री दाखवली."

कारकूनबाई हसल्या आणि पुन्हा डिंकाच्या ब्रशाकडे वळल्या. तीन आठवड्यांत दोघींची एवढी ओळख झाली होती.

चिमटीचं आजोळ म्हणजे टोपणनावांचा कारखाना. त्या घरात माणसाला खरं नाव असे ते फक्त शाळेपुरतं आणि दवाखान्यापुरतं. तोफमावशी शिंकली की तीन घरं पलीकडच्या घड्याळाचा लंबक थांबायचा. इस्त्रीमामाच्या कपड्याला सुरकुती म्हणून पडत नसे. एकदा तो पुरात वाहून गेला, आणि बाहेर निघाला तेव्हा चुरगळलेलं होतं ते पाणी. पाऊणमावशीने जन्मात एक वाक्य पुरं केलं नाही. लग्नाला नकार देतानाही केलं नाही, म्हणून तिचं लग्न झालं. चिमटीच्या आईला सगळे कुलूप म्हणत. तिच्याबद्दल गोष्ट अशी कुणाला सांगताच आली नाही. आणि या सगळ्यांचा थोरला भाऊ, ज्याने ही नावं ठेवली आणि या गोष्टी रचल्या, तो शेपूटमामा. पाच भावंडांत सगळ्यात मोठा आणि नाव शेपूट. का, असं विचारलं की मामा सांगायचा, मला जन्मतः इतकं लांब शेपूट होतं की मी शाळेत पोचलो तरी त्याचं टोक घरी झोपलेलं असायचं.

चिमटीने चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले आणि तिने आजोळची वंशावळ करायला घेतली. प्रत्येकाला एक चौकट. वर खरं नाव, खाली कंसात टोपणनाव. नियम तिनेच घातला होता: खरं नाव नाही, तर चौकट नाही. बेचाळीस माणसांपैकी एकेचाळीस जागच्या जागी बसली होती. सोमवारी कागद छापायला जायचा होता, आणि एकटा कप्तानमामा बाहेर उभा होता.

त्याला कोणी पाहिलेलं नव्हतं. तो दर्यावर असे. त्याची पत्रं मात्र यायची. शेपूटमामा पोस्टात टपालाची वाटणी लावत असे. सुट्टीत सगळी भाचरं जमली की तो खिशातून परदेशी तिकिटाचं पाकीट काढून मोठ्याने वाची. कप्तानाने देवमाशाला लगाम घालून गलबताला जुंपलं. कप्तानाने सात भाषा बोलणारा पोपट पाळला, तो आठव्या भाषेत फक्त शिव्या द्यायचा. दहा वर्षांची असताना तिने मामाच्या काखेखालून डोकं घालून पत्राच्या तळाशी पाहिलं आणि ती ओरडली, "मामा, सही तर तुझीच आहे! तुझंच नाव आहे खाली!"

भाचरांनी एकच गिल्ला केला. मामा मात्र क्षणभर कागदाकडे बघत राहिला, मग हसला. "पकडली गं चूक! माणूस आहेस की चिमटा?" त्या दिवसापासून ती चिमटी. पत्रं मामाच लिहितो हे कळलं, तरी कप्तान मुळात नाहीच असं घरातल्या थोरांपैकी कुणी कधी म्हटलं नाही. पुढे आयुष्यभर तिने चुकाच पकडल्या. लेखकांना तिचा खोडणारा हात तेवढा ठाऊक होता. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांना तिची टिंबंही ठाऊक होती. खोडलेला शब्द पुन्हा हवा असला की ती त्याखाली टिंबांची रांग देई, म्हणजे हे राहू द्या.

पट्टी एका जागी थांबली.

शेपूटमामाची नोंद तिने आजवर काढलीच नव्हती. तो जिवंत होता, त्याच्या पोस्टाच्या ओळखपत्रावर नाव होतं, शोधायचं काय? पण आता ती कप्तानासाठी मागच्या सालांत शिरली होती, आणि समोर दोन ओळी होत्या, एकीखाली एक. आईचं नाव तेच, वडलांचं तेच, तारीख तीच. पहाटे पाच वीस. पहाटे पाच पन्नास. मुलगा, मुलगा. जुळे.

वरच्या ओळीत नावाच्या रकान्यात एक नाव लिहून आडव्या रेघेने खोडलं होतं. तिथून एक छोटा बाण खाली आणला होता आणि खालच्या ओळीत तेच नाव पुन्हा लिहिलं होतं. नाव शेपूटमामाचं. वरच्या ओळीच्या टोकाला तांबड्या शाईत दुसऱ्या कुठल्यातरी रजिस्टराचा क्रमांक होता.

कारकूनबाईंनी तो क्रमांक उलटा वाचला. त्या उठल्या, मागच्या मांडणीवरून एक बारीक रजिस्टर घेऊन आल्या, पान काढलं आणि तिच्यापुढे सरकवलं.

वय: नऊ दिवस. नाव: नाही.

खिडकीखालून एक हातगाडी खडखडत गेली.

"इथे कारकुनाची ओळ चुकलेली दिसते," खोडलेल्या नावावर बोट ठेवून चिमटी म्हणाली. काहीतरी बोलणं भाग होतं.

"जुळ्यांच्या नोंदीत होतं असं," कारकूनबाई म्हणाल्या. "झेरॉक्स काढून देऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मामाकडे गेली. दार त्याच्या सुनेने उघडलं.

"या ताई. काल दवाखान्यात काय झालं, ऐका. नर्सने नावाने चारदा पुकारलं, मामंजी आपले भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलेत. ती म्हणते, कान तपासून घ्या. शेवटी मीच म्हटलं, अहो, शेपूट म्हणून बघा. ताडकन उठले."

"ऐकू येतं मला!" आतून आवाज आला. "हे पण ऐकू आलं!"

शहाऐंशीचा मामा खिडकीपाशी बसला होता. दाढी केलेली, हनुवटीखाली एक पांढरा खुंट राहिलेला. अंगात उरलेल्या हाडांपेक्षा शर्ट दोन मापं मोठा.

"ये चिमटे. बस. कप्तानाची काळजी नको करू. गलबत सध्या धुक्यात अडकलंय. इतकं दाट धुकं, की खलाशांनी त्याच्या विटा पाडल्यात आणि डेकवर बसायला ओटा बांधतायत."

एरवी तिने विचारलं असतं, ओल्या विटा वाळवल्या कशा? आज तिने पिशवीतून कागदाची गुंडाळी काढली, टेबलावर उलगडली आणि चार कोपऱ्यांवर वजनं ठेवली. चष्म्याचं घर, औषधाची बाटली, रेडिओ आणि मामाच्या कवळीची डबी.

मामाने वाकून कागदावरून बोट फिरवलं. तोफमावशीशी थांबला, नाकाशी रुमाल नेला. कुलपाशी थांबला. इस्त्रीमामा, पाऊणमावशी. चौघेही आता फक्त कागदावर होते. मग तो डावीकडे आला, स्वतःच्या चौकटीशी.

"आणि कप्तान?"

"मामा, मी रजिस्टर पाहिलं."

तिने झेरॉक्स त्याच्यापुढे ठेवला. मामाने भिंग घेतलं. भिंग वरच्या ओळीवर बराच वेळ थांबलं. मग त्याने ते उपडं ठेवलं आणि दोन्ही हात गुडघ्यांवर घेतले.

"तुझ्या आईने नाही सांगितलं?"

"आईला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं. चौघांनाही. मी पत्रं वाचायचो तेव्हा बसायचेच की समोर. कुणी कधी खोडलं नाही."

सून चहा ठेवून गेली. कुणी कपाला हात लावला नाही.

"आता काय करणार?" मामाने विचारलं.

"तेच विचारायला आले. नाव नाही. नऊ दिवस." तिने पेन्सिलीचं टोक उगाच बोटाला लावून पाहिलं. "बाकी कुणाला मी सूट दिली नाही, मामा. चुलत आजोबांच्या पहिल्या बायकोचं नाव मिळवायला मी चार महिने घालवले."

"म्हणजे तो नाहीच. ऐंशी वर्षं दर्यावर काढली त्याने, आणि सोमवारी तू त्याला बुडवणार."

तो हे हसत म्हणाला.

"मी पाच-सहा वर्षांचा असेन," मग तो म्हणाला. "आई कपडे वाळत घालत होती. मी विचारलं, मी मोठा, तर मला शेपूट का म्हणतेस? ती म्हणाली, तू मागून आलास. एक बाहेर आला, सगळे सुटलो म्हणाले, आणि सुईणबाई ओरडली, थांबा, शेपूट बाकी आहे! मी म्हटलं, मग पुढचा कुठाय? तर म्हणाली, गेला पुढे. पहिल्यापासून घाईचाच होता. एवढंच. पुन्हा त्यावर बोलली नाही. मग तो कुठे गेला असेल हे मलाच बघावं लागलं."

"आणि तू त्याला गलबत दिलंस."

"चालत किती लांब जाणार? पाय केवढे होते त्याचे!"

चिमटी झेरॉक्सकडे बघत होती. "कारकुनाने तुझं नाव आधी त्याच्या ओळीत लिहिलं होतं. मग चूक लक्षात आली असेल."

"चूक?" मामाने मान हलवली. "मुलगा झाला तर काय ठेवायचं ते महिनाभर आधी ठरलेलं होतं. एकच ठरवलं होतं, कारण एकच येणार होता. तो आला, नाव त्याचं झालं. वडील जाऊन लिहूनही आले. माझ्या ओळीत काही नव्हतं. दुसरं सुचेल तेव्हा सुचेल म्हणाले. नवव्या दिवशी तो गेला. मग वडील पुन्हा ऑफिसात गेले आणि ते नाव खाली उतरवून घेतलं. घरात नाव होतं आणि पोरगाही होता, त्यांनी जोडून दिलं. त्यांचंही बरोबरच."

"आणि आजी?"

"आईने मला त्या नावाने एकदाही हाक मारली नाही. शाळेतून मास्तर आले नि त्यांनी ते नाव घेतलं, की तिची नजर माझ्यावरून पलीकडे जायची. माझ्या मागे कुणी उभं असल्यासारखी. मीही मग वळून बघायचो."

चिमटीला दवाखान्यातली नर्स आठवली. मग काखेखालून डोकं घालून पाहिलेली ती सही आठवली, आणि भाचरांचा गिल्ला.

"म्हणजे ती पत्रं..."

"पत्रं मीच लिहायचो. लबाडी कबूल. पण सही ज्याची त्याचीच होती."

तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. काचा आधीही स्वच्छच होत्या.

मग तिने झेरॉक्स आपल्याकडे ओढला. वरच्या ओळीतल्या खोडलेल्या नावाखाली पेन्सिलीने, हात जराही न हलवता, एकेक टिंब देत गेली.

"हे काय करतेस?"

"छापखान्यातलं आहे. जुळाऱ्याला कळतं."

तिने खोडरबर घेतलं आणि वंशावळीतल्या मामाच्या चौकटीतलं खरं नाव पुसलं. त्या चौकटीच्या डावीकडे पट्टीने नवी चौकट आखली. रेघ नेऊन आजी-आजोबांना जोडली. आत ते नाव लिहिलं, आणि खाली कंसात कप्तान. उजवीकडच्या चौकटीत एकच शब्द राहिला.

"आणि तुझा नियम?" मामाने विचारलं. "माझ्याकडे आता खरं नाव कुठाय?"

"ऐंशी वर्षं ज्याला ओ देतोस, ते काय खोटं आहे?"

खिडकीबाहेर बघत मामाने हनुवटीखालचा तो खुंट चाचपला. मग गार झालेला चहा उचलला आणि एका दमात संपवला.

"वाचून घे एकदा," तो म्हणाला. "सोमवारी चूक राहायला नको."

मुद्रित वाचायची रीत तिला पाठ होती. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने खूण द्यायची. तिने पट्टी त्या ओळीवर ठेवली आणि डावीकडच्या पहिल्या चौकटीतलं नाव वाचलं, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं.

मामाची नजर दाराकडे गेली. तिथे कुणी नव्हतं.

"दर्यावर आहे," तो म्हणाला.

चिमटीने खूण केली आणि पट्टी सरकवली.

"शेपूट."

"हजर."