हाबिरिसने बुजवलेला चर

तळ्याचं पाणी माझ्या गवतात शिरलं, तेव्हाच मी ओळखलं की हे काम हाबिरिसचं. दुसरं कोण असणार? चहूबाजूंनी रान, मधे खोलगट कुरण, कुरणाच्या तळाशी तळं, एवढ्या आमच्या अलासात घरं दोनच. त्याचं वर, वाळूच्या टेकाडावर. माझं खाली, चराच्या कडेला. माझा नवरा आणि हाबिरिसचा थोरला भाऊ एका घोडीवरून भांडले होते. दोघेही गेले, घोडीही गेली, पण अबोला आम्ही नेटाने सांभाळला होता.

तळ्याचं जादा पाणी रानात निघून जावं आणि कुरण मोकळं राहावं, म्हणून आमच्या बापांनी तो चर खणलेला. यंदा पाऊस धो धो पडला. तळं फुगलं आणि चर मात्र ठणठणीत कोरडा. कुठेतरी पाणी मुरत होतं खास. गवत बुडालं तर माझी गाय मंगास हिवाळाभर काय खाणार? घोडे बर्फ उकरून पोट भरतात, गाईला ते जमत नाही. गवत नसलं की पहिल्या थंडीत तिच्या मानेवर सुरी. वासरू असताना मंगासला मी चुलीपाशी माझ्याजवळ निजवलं होतं.

एका सकाळी हाबिरिस लादलेली घसरगाडी ओढत चराकडे निघालेला दिसला. वरून चवाळं झाकलेलं. प्रामाणिक माणूस झाकून कशाला नेईल?

"काय नेतोयस रे?" मी कुंपणातून ओरडले.

"माती."

"माझ्या डोळ्यांत फेकायला?"

"तिथे आधीच भरलीय." आणि गेला पुढे, मान न वळवता.

तो परतल्यावर मी फावडं उचललं. चराच्या तोंडाशी जाऊन बघते तर काय, गवताची मुळांसकट काढलेली ढेकळं एकावर एक रचून त्याने चर पार बुजवलेला. माझा संताप संताप झाला. मला पाण्यात पाहतो हे ठाऊक होतं, पण मुक्या जनावराच्या जिवावर उठेल असं वाटलं नव्हतं. मी ढेकळं उपसायला लागले. एक काढलं, दोन काढली, तिसरं ओढलं आणि हात तिथेच थांबला.

खाली माती नव्हती. बर्फ होता. आमच्या जमिनीच्या पोटात तो असतोच, पण त्याने तिथेच राहायचं असतं. इथे तो उघडा पडला होता, माणसाच्या उंचीएवढा, आणि घाम फुटल्यासारखा गळत होता. वाहत्या पाण्याने चराचा तळ खाल्ला होता. वरच्या गवतातून एक भेग निघाली होती. ती कुठे जाते म्हणून मी नजर फिरवली. ती सरळ माझ्या उंबऱ्याकडे जात होती.

चर असाच वाहू दिला असता, तर बर्फ वितळून जमीन खचली असती, तळं रिकामं झालं असतं आणि माझं घर त्या घळीत गेलं असतं.

हातातलं ढेकूळ मी नीट पाहिलं. बारीक, कोरड्या जमिनीवरचं गवत. असं गवत खाली उगवत नाही. ते फक्त हाबिरिसच्या कुरणात. त्याने स्वतःचं कुरण सोलून आणलं होतं.

"झालं समाधान?" मागे हाबिरिस उभा होता, दुसरी गाडी घेऊन. "मला वाटलंच होतं तू उकरायला येशील. रोज पाळत ठेवतोय तुझ्यावर."

"तुझ्या गाई काय खाणार मग?"

"विकल्या."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू विश्वास ठेवला असतास?"

"नसता," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू? "पण तुझं घर तर वाळूवर आहे. तुला काय पडलंय?"

"तुझं धुराडं बंद झालं, तर सकाळी उठून शिव्या कोणाला घालू? उचल ती ढेकळं."

ऊन-पाणी लागू नये म्हणून दोघांनी मिळून बर्फ पुन्हा झाकला. गवत बुडायचं ते बुडालंच.

पहिल्या थंडीत मंगासला कापावं लागलं. ताज्या मांसातला पहिला वाटा शेजाऱ्याचा, ही आमची रीत. घोडीच्या भांडणापासून तो वाटा टेकाड चढला नव्हता. मी बरगड्या शिजवल्या, भांडं फडक्यात बांधलं आणि वर गेले. स्वतः मात्र त्यातला तुकडाही तोंडात घातला नव्हता. खाववतच नव्हता.

हाबिरिसने दार बोटभर उघडलं. भांडं हुंगलं.

"काय घातलंयस यात?"

"मीठ."

"आणखी?"

"आणखी काय घालणार?"

त्याने हात पुढे केला नाही. मला राग आला नाही, कारण त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. मी फडकं सोडलं, सर्वांत मोठी बरगडी उचलली आणि त्याच्या डोळ्यांदेखत एक मोठा घास तोडला. घशाखाली उतरेना. डोळ्यांतून धारा लागल्या, तरी चावत राहिले, गिळलं.

हाबिरिसने दार सताड उघडलं आणि भांडं माझ्या हातातून घेतलं.